वाचकांचे प्रश्न : विमानतळाभोवतीच्या सर्किटमध्ये टक्कर कशी टळते?

सोलापूरहून २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाल्यापासून या सदराकडे विमानांविषयीची पत्रे येऊ लागली आहेत. या वेळी सोलापूर शहरातूनच आलेली पाच पत्रे एकाच विषयावर आहेत : विमानतळाजवळ एकाच वेळी अनेक लहान विमाने उडत असताना ती एकमेकांवर आदळू नयेत यासाठी नेमके काय केले जाते. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असून लवकरच ती एकटीने उड्डाण करील. लहान विमानांची हवेत टक्कर झाल्याच्या बातम्या वाचल्या की जीव थाऱ्यावर राहत नाही. आकाश एवढे अफाट असताना दोन विमाने नेमकी एकाच ठिकाणी येतात कशी? हवा स्वच्छ असेल त्या दिवशी तरी मी निश्चिंत राहावे का? – एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आकाश अफाट आहे, पण धावपट्टी एकच असते आणि तिच्याकडे येणारी वाट फार अरुंद असते. आपल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचेच उदाहरण घेऊ. तेथील धावपट्टी वायव्य–आग्नेय अशी आहे. वायव्येकडे तोंड करून उतरताना तिला ३३ म्हणतात, कारण ती दिशा होकायंत्रावर सुमारे ३३० अंश येते. उलट बाजूने उतरताना तीच धावपट्टी १५ होते. लहान विमान उड्डाण करून पुन्हा त्याच धावपट्टीवर उतरणार असेल, तर ते आयताकृती फेरी घेते आणि या फेरीलाच वैमानिक सर्किट म्हणतात. उड्डाणानंतर सरळ चढायचे, डावीकडे वळून क्रॉसविंडवर यायचे, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने डाउनविंडवर जायचे, धावपट्टीचे टोक बाजूला आले की वेग कमी करून उतरू लागायचे, मग पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीच्या रेषेकडे नेणारा बेस आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत फायनल. डाउनविंडची उंची बहुतेक ठिकाणी जमिनीपासून १,००० फूट असते. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० फुटांवर असल्यामुळे सोलापुरात ही फेरी घेणाऱ्या वैमानिकाचे उंचीमापक साधारण २,६०० फूट दाखवते. वळणे बहुधा डावीकडचीच असतात, कारण मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसतो आणि त्याला धावपट्टी सतत दिसत राहणे आवश्यक असते.

सिद्धेश्वराच्या देवळाभोवती प्रदक्षिणा घालणारे सगळे एकाच दिशेने चालतात म्हणून गर्दीतही कोणी कोणावर आदळत नाही. सर्किटची योजना त्याच विचारातून झाली आहे, फक्त येथे फेरी सहसा डावीकडून असते. दुसरे विमान कोठे असण्याची शक्यता आहे हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असावे, म्हणजे नजर तेथेच शोधायला जाईल, एवढाच या फेरीचा हेतू आहे. पण याच योजनेमुळे सगळी विमाने एकाच वाटेवर, एकाच उंचीवर आणि शेवटी एकाच रेषेत आणली जातात. म्हणून विमानांची टक्कर बहुधा दूरच्या मोकळ्या आकाशात न होता विमानतळाजवळ, कमी उंचीवर आणि विशेषतः फायनलवर होते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. स्वच्छ हवेच्या दिवशी निश्चिंत राहावे, असे मी सांगू शकत नाही. अमेरिकेत अशा अपघातांचा बराच अभ्यास झाला आहे आणि त्यातून वारंवार एकच चित्र पुढे येते : दिवसाची वेळ, उत्तम दृश्यता, सुट्टीचा दिवस आणि सरावासाठी निघालेली पुष्कळ लहान विमाने. समोरासमोर धडकण्याचे प्रसंग त्यात कमी आहेत. बहुतेक वेळा एक विमान दुसऱ्याला मागून किंवा तिरक्या बाजूने गाठते.

असे का होते, हे विमानाच्या रचनेकडे पाहिले की कळते. सेसना १५२ किंवा १७२ या प्रशिक्षण विमानांचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात, त्यामुळे त्याला खालचे छान दिसते पण वरचे दिसत नाही. पायपर बनावटीच्या अनेक विमानांचे पंख खाली असतात, त्यामुळे वरचे दिसते पण थेट खालचे झाकले जाते. फायनलवर सेसना खाली आणि पायपर तिच्या किंचित मागे-वर असेल, तर दोघेही धावपट्टीकडे पाहत, अगदी शिस्तीने, एकमेकांच्या आंधळ्या जागेत उतरत राहतात. दोघांपैकी कोणीही निष्काळजी नसतो. हे चित्र मनात पक्के बसवल्याशिवाय कोणत्याही शिकाऊ वैमानिकाने एकट्याने सर्किटमध्ये जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात माणसाच्या डोळ्याची मर्यादाही आहे. ज्या विमानाशी आपली टक्कर होणार आहे ते काचेतून पाहताना जागचे हलत नाही. ते डावीकडे किंवा उजवीकडे सरकत असेल, तर ते आपल्या पुढून किंवा मागून निघून जाईल. पण एकाच जागी ठिपक्यासारखे स्थिर राहून हळूहळू मोठे होत असेल, तर ते आपल्याकडेच येत आहे. हलणाऱ्या वस्तूकडे डोळा आपोआप वळतो, स्थिर ठिपक्याकडे वळत नाही; म्हणजे सर्वांत धोक्याचे विमानच सर्वांत उशिरा लक्षात येते. शिवाय तो ठिपका बराच वेळ लहान राहतो आणि अखेरच्या काही सेकंदांत एकदम फुगतो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, वस्तू डोळ्याला दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे १२.५ सेकंद जातात. त्यांतले ५ सेकंद ती वस्तू टकरीच्या मार्गावर आहे हे उमजण्यात आणि ४ सेकंद कोणीकडे वळावे हे ठरवण्यात खर्च होतात. हाताची हालचाल अर्ध्या सेकंदाच्या आत होते. प्रत्येकी ९० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर वेगाने, दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर १२.५ सेकंदांत त्यांच्यातले सुमारे १,१५० मीटर अंतर संपते. म्हणून आकाशाकडे नुसती नजर फिरवून भागत नाही. सुमारे दहा अंशांचा एकेक तुकडा घ्यावा, त्यावर नजर निदान एक सेकंद थांबवावी आणि मग पुढे सरकावे, कारण फिरत्या नजरेला लहान वस्तू दिसतच नाही. मुलीला केवळ ‘जपून जा’ म्हणण्यापेक्षा, बेसवर वळण्यापूर्वी ती कोठे कोठे पाहते ते तिला एकदा सविस्तर विचारा. तिने फायनलच्या बाहेरच्या टोकाचा, म्हणजे सरळ लांबून कोणी येत आहे का याचा उल्लेख केला, तर तिला शिकवणारे चांगले आहेत असे समजा.

प्रश्न : मी शिकाऊ वैमानिक असून सध्या सुट्टीसाठी घरी सोलापूरला आलो आहे. नियंत्रण टॉवर नसलेल्या तळावर प्रत्येक टप्प्यावर रेडिओवरून आपली जागा सांगायची, असे आम्हाला शिकवले आहे. सगळ्यांनी नीट सांगितले, तर टक्कर होण्याचे कारणच उरत नाही, असे माझ्या मित्रांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? – एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी एका अपघाताची हकिकत सांगतो. १८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथील टॉवर नसलेल्या विमानतळावर सेसना १५२ हे प्रशिक्षणाचे छोटे विमान आणि सेसना ३४० हे दोन इंजिनांचे विमान फायनलवर एकमेकांवर आदळले. तिघांचा मृत्यू झाला. दोन्ही वैमानिक एकाच फ्रिक्वेन्सीवर होते आणि दोघेही आपापली जागा सांगत होते. छोटे विमान सर्किटमध्ये होते. मोठे विमान सर्किट न घेता लांबून सरळ फायनलवर येत होते आणि त्याचा वेग १८० नॉटच्या आसपास, म्हणजे उतरण्याच्या वेगापेक्षा फारच जास्त होता. छोट्या विमानाच्या वैमानिकाला ते अंगावर येताना दिसले, न उतरता पुन्हा वर जात असल्याचे त्याने रेडिओवर सांगितलेही. पण तोपर्यंत वेळ संपली होती. मोठ्या विमानाच्या वैमानिकाने छोट्या विमानाला पाहून टाळले नाही, असे कारण चौकशीत नोंदवले गेले.

यातले गणित कागदावर मांडून पाहा. सरळ येणारा वैमानिक ‘तीन मैलांवर’ म्हणतो. १८० नॉटला तीन सागरी मैल कापायला बरोबर एक मिनिट लागते. ६५ नॉटने येणाऱ्या सेसना १५२ ला शेवटचा एक मैल कापायला सुमारे ५५ सेकंद लागतात. म्हणजे एक जण तीन मैल दूर आणि दुसरा एक मैल दूर असतानाही दोघे धावपट्टीच्या टोकाशी जवळजवळ एकाच क्षणी पोचतात. आपल्यासारख्याच विमानात शिकलेल्या मुलाच्या मनात ‘तीन मैल’ म्हणजे पुष्कळ वेळ अशी गाठ बसलेली असते. म्हणून रेडिओवर अंतर ऐकले की ते कोणत्या जातीचे विमान आहे हेही ऐका, आणि आपले सांगताना विमानाचा प्रकार सांगायला विसरू नका. शंका आली तर सरळ विचारा की तुम्ही किती मिनिटांत टोकाशी पोचाल. असे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

रेडिओच्या इतर उणिवा तुम्हाला ठाऊक असतीलच : दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर दोघांचेही बोलणे ऐकू येत नाही, फ्रिक्वेन्सी चुकीची लागलेली असू शकते, आवाज कमी केलेला राहून जातो, आणि काही देशांत रेडिओ नसलेली विमानेही अशा तळांवर कायदेशीरपणे उडतात. जेथे एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक तळ असतात तेथे बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तळाचे नाव घेतले पाहिजे, नाहीतर कोणाचा डाउनविंड कोणत्या गावचा याचा घोळ होतो. आणखी एक सवय मोडून काढा. विमानतळाजवळ येताना ‘परिसरातल्या सर्व विमानांनी आपली जागा कळवावी’ असे काही जण म्हणतात. मग पाच जण एकदम बोलतात आणि कोणाचेच कळत नाही. दहा मैलांपासून ऐकत राहिलात, तर चित्र आपोआप तयार होते.

ते चित्र तयार झाल्यावर सर्किटमध्ये शिरण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. अमेरिकेत डाउनविंडच्या मध्यावर ४५ अंशांतून, आधीच सर्किटच्या उंचीवर येऊन शिरण्याची शिफारस आहे. ब्रिटनमध्ये तळाच्या डोक्यावरून २,००० फूट उंचीने येऊन, सर्किट नसलेल्या बाजूला उतरून मग फेरीत सामील होण्याची पद्धत रुळली आहे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते : डाउनविंडवर वरून उतरत येऊ नये. उतरणाऱ्या विमानाचा पुढचा भाग आणि पोट आधीच त्या उंचीवर असलेल्या विमानाला झाकून टाकतात. समपातळीवर आलात, तर दुसऱ्याची आकृती क्षितिजाच्या रेषेवर उभी दिसते आणि ती ओळखणे सोपे जाते. आणि समपातळी म्हणजे खरोखर समपातळी हवी असेल, तर हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उंचीमापकात लावलेला दाब सर्वांचा सारखा असला पाहिजे. एका हेक्टोपास्कलची (हे हवेच्या दाबाचे एकक) चूक सुमारे २७ ते ३० फुटांची असते, म्हणून कालच्या दाबावर उडणारा आज तुमच्या वर किंवा खाली शे-दीडशे फुटांवर असू शकतो.

प्रश्न : आमचे घर होटगी रस्त्याला आहे. आता विमानतळावर नियंत्रण टॉवर आहे, मग लहान विमानांनी एकमेकांना शोधत बसण्याची गरज काय? आणि पश्चिमेचा वारा जोरात असताना विमाने एरवीपेक्षा वेगळ्या जागी वळतात असे वाटते, त्याचा या विषयाशी काही संबंध आहे का? – एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : धावपट्टी कोणी, कधी आणि कोणत्या क्रमाने वापरायची हे टॉवर ठरवतो आणि त्याने धोका खूप कमी होतो. शंभर नॉटहून अधिक वेगाने येणारे एटीआर हे प्रवासी विमान आणि त्याच्या जवळपास निम्म्या वेगाने येणारे प्रशिक्षण विमान एकाच धावपट्टीवर एकापाठोपाठ उतरवायचे असेल, तर दोघांच्याही जागा जाणणारा तिसरा माणूस असणे फार मोलाचे आहे. परंतु बाहेर पाहून, दृश्य नियमांनुसार उडणाऱ्या दोन लहान विमानांना टॉवर साधारणपणे एकमेकांची माहिती देतो. ते विमान पाहून त्याच्यापासून दूर राहण्याचे काम वैमानिकाचेच राहते.

ही माहिती मिळाल्यावर काय होते, याचे दुःखद उदाहरण म्हणजे २५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झालेला अपघात. बोइंग ७२७ जातीचे प्रवासी विमान विमानतळाच्या डाउनविंडवर होते आणि त्याच्या पुढे-खाली सेसना १७२ होते. नियंत्रकाने सेसनाची माहिती दिली, चालकांनी ते दिसत असल्याचे सांगितले. नंतर ते नजरेआड झाले, पण ते आता दिसत नाही हे नियंत्रकाला स्पष्टपणे कळवले गेले नाही. मोठे विमान मागून सेसनावर आले. जमिनीवरच्या ७ जणांसह १४४ जण मृत्युमुखी पडले. दिसले होते आणि दिसत आहे यांत किती फरक आहे, हे सांगायला याहून अधिक काही लागू नये. विमान नजरेआड झाले की त्याच क्षणी ‘आता दिसत नाही’ असे बोलले पाहिजे, आणि एखादे विमान दिसल्यावर ते सांगितलेलेच आहे याची खात्री करूनच होकार दिला पाहिजे. टॉवरशी बोलताना माणसाला चटकन हो म्हणण्याचा मोह होतो, विशेषतः शिकाऊ वैमानिकाला. तो मोह आवरायला शिकवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे.

आता वाऱ्याचे. आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. पावसाळ्यात सोलापुरात वारा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. अशा दिवशी धावपट्टी ३३ वर डावीकडचे सर्किट चालू आहे असे धरू. डाउनविंड धावपट्टीच्या नैर्ऋत्येला असते, त्यामुळे पश्चिमेचा वारा विमानाला नकळत धावपट्टीकडे ढकलतो. वैमानिकाने नाक थोडे वाऱ्याकडे ठेवून हे सावरले नाही, तर डाउनविंड आणि फायनल यांतले अंतर कमी होते आणि बेस आखूड होतो. त्यात बेसवर विमानाचे तोंड ईशान्येकडे, सुमारे ६० अंशांवर असते, म्हणजे तोच वारा आता जवळजवळ पाठीमागून येतो आणि जमिनीवरचा वेग वाढवतो. परिणामी वळण घ्यायला उशीर होतो आणि विमान फायनलची रेषा ओलांडून पलीकडे, पूर्वेच्या बाजूला जाते. आपल्याला विमाने वेगळ्या जागी वळताना दिसतात ती याच हिशेबामुळे : जाणता वैमानिक अशा दिवशी बेसवरून लवकर वळतो आणि न जाणणारा उशिरा.

एकाच धावपट्टीच्या तळावर ही रेषा ओलांडणे म्हणजे सरळ लांबून येणाऱ्या विमानाच्या वाटेत दोनदा शिरणे. समांतर धावपट्ट्यांच्या विमानतळावर तर शेजारच्या फायनलवरच घुसणे. १२ मे २०२१ रोजी अमेरिकेत डेनव्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर सायरस एसआर-२२ हे छोटे विमान असेच आपल्या धावपट्टीची रेषा ओलांडून गेले आणि शेजारच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या मेट्रोलायनर या मालवाहू विमानाला धडकले. सायरसला संपूर्ण विमानाचे पॅराशूट असल्यामुळे ते त्याच्या आधाराने खाली आले आणि पाठीचा भाग फाटलेले मेट्रोलायनर धावपट्टीवर उतरले. कोणालाही इजा झाली नाही. एवढे नशीब प्रत्येकाला लाभत नाही. त्यात रेषा ओलांडली गेली हे कळल्यावर विमान जास्त तिरके करून आणि पायाने जोर देऊन ते रेषेत ओढण्याचा प्रयत्न झाला, तर कमी वेगात आणि कमी उंचीवर पंखांचा आधार सुटून विमान गिरक्या खात कोसळू शकते. येथे एकच योग्य उत्तर आहे : उतरण्याचा विचार सोडायचा आणि वर जाऊन नवी फेरी घ्यायची.

वाऱ्याइतकेच सूर्याकडेही लक्ष हवे. हिवाळ्यातल्या सकाळी धावपट्टी ३३ च्या डाउनविंडवर विमानाचे तोंड आग्नेयेकडे असते आणि त्याच बाजूला खाली आलेला सूर्य असतो. पुढचे विमान त्या प्रकाशात पूर्ण हरवते. अशा वेळी त्याच्या शेवटच्या रेडिओ निरोपावर विसंबून वळू नये. ते डोळ्यांना दिसेपर्यंत डाउनविंड लांबवावे.

प्रश्न : मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारे यंत्र असते, असे वाचले. ते प्रत्येक लहान विमानात बसवले, तर हा प्रश्न कायमचा सुटणार नाही का? – अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : हे यंत्र फार उपयोगी आहे आणि आपल्या देशाने त्याची किंमत जबर मोजून ओळखली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन विमान हवेत आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान १५,००० फुटांवर थांबायचे होते, ते त्याखाली उतरले आणि १४,००० फुटांवरच्या सौदी विमानाला भिडले. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना हे यंत्र सक्तीचे झाले.

पण हे यंत्र दुसऱ्या विमानातल्या ट्रान्सपाँडरच्या, म्हणजे रेडिओवरून आलेल्या विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाच्या, उत्तरावर चालते. तो बंद असेल तर यंत्रापुरते ते विमान अस्तित्वातच नसते. शिवाय ‘वर जा’ किंवा ‘खाली या’ असा त्याचा आदेश जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या खाली बंद ठेवलेला असतो, कारण तेथे खाली जाण्याचा सल्ला स्वतःच घातक ठरेल. सर्किटचा बहुतेक भाग नेमका याच पट्ट्यात येतो. लहान विमानांसाठी आता एडीएस-बी ही स्वस्त पद्धत आली आहे. तीत प्रत्येक विमान उपग्रहांच्या साहाय्याने मिळालेली आपली जागा प्रसारित करते आणि इतरांना ती पडद्यावर दिसते. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रांत असे प्रसारण बंधनकारक आहे. तळाकडे येताना, दहा-पंधरा मैलांवर असताना, तो पडदा जरूर पाहावा. सर्किटमध्ये शिरल्यावर मात्र सगळीच विमाने जवळ असल्यामुळे सूचनांचा मारा सुरू होतो आणि वैमानिकाची मान खाली जाते. तुम्ही अभियंता होणार असाल, तर या शेवटच्या दोन मैलांत वैमानिकाची नजर बाहेर ठेवूनच त्याला सावध करणारी योजना कशी करता येईल, यावर अवश्य विचार करा. तेथे काम करण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रश्न : दोन विमाने एकाच वेळी फायनलवर आली, तर पहिला हक्क कोणाचा? आणि उतरणे सोडून वर जायचे, तर कोणत्या बाजूने? – एक शिकाऊ वैमानिक, सात रस्ता

उत्तर : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उतरणाऱ्या विमानाला हवेतल्या आणि जमिनीवरच्या इतर विमानांपेक्षा प्राधान्य असते, आणि दोन विमाने उतरत असतील तर खालच्या उंचीवरचे आधी उतरते. मात्र या नियमाचा आधार घेऊन, फायनलच्या शेवटच्या टप्प्यावर असलेल्या विमानाच्या पुढे घुसणे किंवा त्याला मागे टाकणे त्याच नियमात वर्ज्य केले आहे. खाली डुबकी मारून आपला नंबर आधी लावता येत नाही. इतर ठिकाणी, तिरके येणाऱ्या दोन विमानांपैकी ज्याच्या उजवीकडे दुसरे आहे त्याने वाट द्यावी, समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे आणि मागे टाकताना उजव्या बाजूने जावे. हे नियम पाठ असलेच पाहिजेत, पण दुसऱ्याला आपण दिसलो आहोत याची खात्री नसेल, तोपर्यंत हक्क आपला असला तरी वाट आपणच द्यावी, असा माझा आग्रह आहे.

पुढचे विमान हळू असेल, तर डाउनविंड थोडे लांबवा आणि वेग लवकर कमी करा. सर्किटमध्येच पूर्ण गोल घेऊन वेळ काढू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही पुढे जात राहाल असे वाटत असते आणि तुम्ही अचानक त्याच्या तोंडावर येता. तेवढ्यानेही अंतर पुरत नसेल, तर वर जा, आणि हा निर्णय लवकर घ्या.

वर जाताना पूर्ण शक्ती द्या, विमान चढू लागल्याची खात्री करा आणि मग ज्या बाजूने दुसरे विमान तुम्हाला दिसत राहील त्या बाजूला किंचित सरका. डावीकडच्या सर्किटमध्ये आणि डाव्या आसनावरून उडवताना ती बाजू बहुधा धावपट्टीच्या उजवीकडची असते, कारण मग धावपट्टी आणि तिच्यावरून उड्डाण करणारे विमान तुमच्या डाव्या खिडकीत राहते. ते थेट तुमच्या पोटाखाली राहिले, तर चढताना ते तुमच्यापर्यंत कधी पोचले हे कळणार नाही. उजवीकडे समांतर धावपट्टी असेल, तर मात्र तिकडे सरकू नका. क्रॉसविंडवर वळण्यापूर्वी पुढच्या विमानाची जागा पाहा, डाउनविंडवर आधीच असलेल्यांसाठी डावीकडे नजर टाका, आणि पंख वरच्या बाजूला असलेल्या विमानात असाल तर वळणाच्या बाजूचा पंख आधी थोडा उचलून त्यामागे कोणी नाही ना हे पाहून मगच वळा.